सवाईचं बी

आईचा आणि बियाण्याच्या पिशवीचा पहिला तंटा झाला तो रंगावरून. पोयनाडच्या दुकानातून मी संकरित भाताच्या तीन-तीन किलोच्या दोन पिशव्या आणल्या होत्या. तिने एक विळीवर कापली, बी सुपात ओतलं आणि तिथंच थांबली. दाणे गुलाबी होते, शिमग्याला रंग खेळून आल्यासारखे.

"हे कोनी रंगवलं?"

औषध लावलंय, बुरशी धरू नये म्हणून, मी म्हटलं. हात धू, तोंडाला लावू नकोस. तिने सूप खाली ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले आणि मग विचारलं, "मंग उरलं तर?"

प्रश्न माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आमच्याकडे रोपांसाठी दाढ पेरून झाली की पेंढ्याच्या मुडीत उरलेलं बी कांडायचं आणि शिजवायचं. आषाढ म्हणजे कणगीचा तळ दिसायचे दिवस. त्या दिवसांत उरलेल्या बियाचा भात घरात गोड लागायचा, कारण तो हिशेबाबाहेरचा असायचा. बी आणि खायचं धान्य हे तिच्या लेखी सख्खे भाऊ. एक घरी राहिला, एक शेतावर गेला, एवढाच फरक. उरलं तर पुरून टाकायचं, कोंबड्यांनाही घालायचं नाही, असं भात तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मी त्या दिवशी तिला हसलो. पनवेलला नोकरी करणारा, शनिवार-रविवारचा शेतकरी मी; मला वाटलं, रंगाचं काय एवढं?

आमचं गाव अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात आहे. कोकण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हापूसची कलमं, माडाच्या बागा, कौलारू घरावर आलेला फणस असं काहीबाही येतं. खारेपाट बघायला आलेला पाहुणा हिरमुसतो. सपाट जमीन, एका बाजूला खाडी, मधे माणसाने मातीने घातलेला बाहेरकाठा. भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं पाणी उघाडीतून ओहोटीला बाहेर सोडायचं, एवढ्या एका कसबावर इथली शेती उभी आहे. भात एकच, पावसाळी. मग ओल असेल तिथे वाल, म्हणजे थंडीत मडक्यात शेंगा भाजून पोपटी. खाचराच्या कडेच्या तळ्यात जिताडा मासा. ही आमची श्रीमंती.

आणि राता. खाऱ्या जमिनीचं हे तांबड्या दाण्याचं भात. काळा राता, भुरा राता अशा त्याच्या जाती. आमच्याकडे होता तो काळा. टरफल काळपट, आतला दाणा लाल, शिजला की फुगून जाड. उत्पन्न बेताचं, उंच वाढून वाऱ्याने लोळायचा, आणि पाहुण्यांच्या ताटात वाढायला माझ्या वहिनीला लाज वाटायची. पण त्याच्या अंगात एक गुण होता. मुळाशी थोडं खारट पाणी लागलं तरी तो मान टाकत नसे. आजोबा म्हणत, राता म्हणजे आगरातला माणूस, त्याला मीठ नवं नाही.

तो राता आमच्या घरातून गेला, आणि तो कोणत्याही कंपनीने चोरून नेला नाही. मीच घालवला. लेख लिहिताना हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचा सगळा राग फुकटचा वाटेल. वडील गेल्यावर लावणीला माणसं मिळेनाशी झाली. मजुरी देऊन जेमतेम घरापुरतं भात व्हायचं. दुकानदार म्हणाला, दादा, तेवढ्याच कष्टात दीडपट घ्या की. घेतलं. आणि खरोखर दीडपट झालं. बुटकं, ताठ, लोंब्यांनी वाकलेलं शेत. आईसुद्धा बांधावर उभी राहून बघत होती. त्या वर्षी कणगी भरली आणि रात्याची मुडी माळ्यावर तशीच राहिली. दुसऱ्या वर्षी तिला पोरकिडे लागले. तिसऱ्या वर्षी मी ती गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकली.

संकरित भात वाईट असतं असं मी म्हणणार नाही. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्रानेच 'सह्याद्री' नावाचं संकरित भात काढलं, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तिथलीच कर्जत-३, शिरगावची रत्नागिरी-२४ ही सरळ, म्हणजे संकर नसलेली वाणं. ती विकत घ्या, दोन-तीन वर्षं घरचं बी ठेवा, मग बदला, असं विद्यापीठच सांगतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, २, ३ अशी वाणं काढली आहेत. पण आमच्या बाजारातल्या दुकानात मृगाच्या तोंडावर जी पिशवी पुढे केली जाते, ती यांतली क्वचितच असते. ज्या पिशवीत दुकानदाराचं कमिशन जास्त, ती पुढे. कृषी सहायकाच्या गळ्यात इतकी गावं असतात की तो आमच्या बांधावर उगवला तर लोक विचारतात, पंचनामा आहे काय? त्यामुळे काउंटरवरचा माणूस हाच आमचा शास्त्रज्ञ, हाच सावकार, आणि दिवाळीला कॅलेंडर देणाराही हाच. कंपनीचा प्रभाव म्हणतात तो कोकणात असा येतो. कोणी धमकी देत नाही. चहा देतात.

पिशवीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं की या पिकाचं धान्य पुन्हा बी म्हणून वापरू नये. आईला मी ते वाचून दाखवलं नव्हतं. तिने सवयीने, कापणीच्या आधी चांगल्या लोंब्या निवडून, वेगळ्या झोडून, उन्हं दाखवून बी ठेवलं. पुढच्या आवणात ते शेत बघून लोक थांबायला लागले. काही रोपं गुडघ्याला, काही कमरेला. एक फुलोऱ्यात, शेजारचं अजून पोटरीत. एकाच आईबापाची पोरं, पण कोणाचा कोणाला मेळ नाही. दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी सारखी येते, दुसऱ्या पिढीत गुण फुटून विखुरतात. हे शाळेत वाटाण्याच्या धड्यात मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. आईला वाटलं, तिचा हात चुकला.

"पयल्यांदाच असा झाला," असं ती आठ दिवस म्हणत होती. त्या आठ दिवसांबद्दल मला अजून वाईट वाटतं.

चरी हे गाव आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. १९३३च्या ऑक्टोबरात तिथल्या आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील पुढारी. संप टिकला सहा वर्षं. आठवडाभराच्या संपाने आपल्याला बस चुकते म्हणून वैताग येतो; इथे सहा पावसाळे डोळ्यांसमोर खाचरं पडीक राहिली, त्यात गवत माजलं, आणि माणसं डोंगरातलं लाकूड विकून, खाडीत जाळं टाकून जगली. १९३४मध्ये डॉ. आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १९३७ला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. १९३९ला कुळकायदा आला, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्याने.

हे सगळं पुस्तकांत आहे. पुस्तकांत नसलेलं, आमच्या आजोबांच्या तोंडचं एक आहे. ते सांगायचे, खोत खळ्यावर वाटा न्यायचा हे तर सगळ्यांनाच दिसे. पण त्याआधी, पेरणीच्या दिवसांत, ज्याच्या घरी बी उरलेलं नसे तो त्याच्याच दारात जायचा. बी मिळायचं, दिढीने. एक मण न्या, दीड मण आणून द्या. माप त्याचं, भरणारा माणूस त्याचा. "खळ्यावरची चोरी दिसतं रं, मुडीतली दिसत नाय," असं ते म्हणत. म्हणून आमच्या घरात उपास घडला तरी चालेल, पण बियाची मुडी फोडायची नाही, असा दंडक होता. ती पेंढ्यात गुंडाळून, सुंभाने आवळून, चुलीच्या वर धुराला टांगलेली असे. आजी तिला बोट लावू देत नसे. तिच्या दृष्टीने ती मुडी म्हणजे खोताच्या दारात न जाण्याचा परवाना होता.

मला ही गोष्ट लहानपणापासून पाठ. तरी मी मुडी उकिरड्यावर टाकली, आणि दरवर्षी जूनमध्ये दुकानाच्या दारात उभा राहू लागलो. रॉयल्टी हा शब्द आमच्या गावात रेतीच्या ट्रकसंदर्भात वापरतात. बियाण्यालाही रॉयल्टी असते हे मला ऑफिसातल्या यवतमाळच्या मित्राने सांगितलं.

त्याच्या घरी कापूस. २००२ला बोंडअळीला मारणारा जनुक घातलेला बीटी कापूस आला तेव्हा तो कॉलेजात होता. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशेच्या वर रुपये पडायचे, आणि त्यातला मोठा हिस्सा बियाणं तयार करणाऱ्या देशी कंपनीचा नव्हे, तर त्यात जो जनुक घातला त्याच्या मालकाचा. हीच ती रॉयल्टी. "वडिलांना वाटायचं बी महाग झालं," तो म्हणाला, "पण बी नव्हतं महाग, त्याच्या पोटातला भाडेकरू महाग होता." २००६ला आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केल्यावर पाकीट साडेसातशेपर्यंत उतरलं. मग २०१५ला केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ला बोलगार्ड-२ या पुढच्या बीटी कापसाचं पाकीट ८०० रुपये, त्यात जनुकाचे ४९. पुढे ते ३९, मग २०, आणि २०२०पासून शून्य. पेटंटची मुदत तोवर संपली होती. मधल्या काळात जनुकाची मालक मॉन्सॅन्टो आणि बियाणं विकणारी नुझिवीडू या कंपन्या एकमेकींशी कोर्टात भांडल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. भांडण शेतकऱ्याच्या पैशांचं, पण दोन्ही बाजूंच्या वकिलांत शेतकऱ्याचा वकील नव्हता, असं माझा मित्र म्हणतो.

आणि २०१७ला, रॉयल्टी भरून घेतलेल्या त्याच बोलगार्ड-२च्या बोंडात गुलाबी बोंडअळी निघाली. ज्या गुणाचं भाडं घेतलं, तो गुण या अळीपुरता तरी संपला होता. भाडेकरू कधीच निघून गेला होता, घरमालक मात्र भाडं भरत राहिला. यावर आम्ही दोघे डबा खाताना हसलो, मग तो हसायचा थांबला.

तरी त्याच्याच गावाकडे, अकोल्याच्या बाजूला, २०१९ला शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेला तणनाशकाला दाद न देणारा कापूस जाहीरपणे पेरला. त्यांचं म्हणणं उलटं होतं : नवं बी आम्हाला हवं आहे, सरकार अडवतं कशाला? माझ्यासारख्या माणसाने "कंपन्या वाईट, जुनं चांगलं" असं लिहायला बसलं की हे लोक समोर उभे राहतात. निंदणीची मजुरी ज्याला परवडत नाही त्याला काळ्या रात्याचं कौतुक सांगायला मी कोण? मलाही लावणीच्या मजुरीनेच पिशवीकडे नेलं होतं.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्या बाजूचा आहे. हे मला उशिरा कळलं आणि आश्चर्य वाटलं. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ म्हणतं की शेतकऱ्याने संरक्षित वाणाचंसुद्धा आपल्या शेतातलं बी ठेवावं, पेरावं, पुन्हा पेरावं, बदलावं, वाटावं, विकावंही. फक्त ब्रँड लावून, लेबल छापून विकू नये. एवढी सूट थोड्या देशांत असेल. तरी २०१९ला पेप्सिकोने गुजरातच्या चार बटाटा शेतकऱ्यांवर माणशी एक कोटीहून जास्त भरपाईचे दावे लावले, आपलं वेफर्सचं वाण लावलं म्हणून. ओरड झाली, मे महिन्यात दावे मागे घेतले. पुढे त्या वाणाची नोंदणी २०२१ला रद्द झाली आणि २०२४ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली, म्हणजे खटल्याचा नारळ इकडून तिकडे गडगडतच राहिला. चार-पाच एकरांच्या माणसाला एक कोटीचा कागद घरी आल्यावर कलम ३९ आठवत असेल का, हा माझा प्रश्न.

पण खारेपाटात तसला कागद येणारच नाही. आमची खाचरं इतकी लहान की दाव्याच्या स्टॅम्पचे पैसे निघायचे नाहीत. आमच्यावर कायद्याचा बडगा नको, संकराचा पुरे. कायदा म्हणतो, बी ठेव. पिशवीतलं बी म्हणतं, ठेवून बघ. हक्क आहे, पण ठेवावं असं काही घरात नाही. कुलूप सरकारने नाही लावलं, कंपनीनेही नाही. ते दाण्याच्या आतच आहे, आणि त्याची किल्ली दर जूनला नऊशे रुपयांना मिळते.

रॉयल्टी मुळात असावी का, यावर मी बराच विचार केला. वाण काढायला आठ-दहा वर्षं जातात, त्याचा मोबदला कोणी मागितला तर चुकीचं काय? मला त्यात चूक दिसत नाही. पण मग चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे आठवतात. थोड्याशा जमिनीचा माणूस, शिक्षण बेताचं. ऐंशीच्या दशकात पटेल-३ भाताच्या शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून, वर्षामागून वर्ष पेरून, निवडून त्यांनी बारीक दाण्याचं वाण उभं केलं. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून वाणाचं नाव एचएमटी. आज पनवेलच्या मॉलमध्ये त्या नावाची पाकिटं रचलेली असतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पुढे त्यावरून पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित केलं. दादाजींना सन्मान मिळाले, पदकं मिळाली, आणि जून २०१८मध्ये ते गरिबीतच गेले. दाण्यामागे एक पैसा धरला असता तरी काय झालं असतं, हा हिशेब मी एकदा करायला घेतला आणि सोडून दिला.

तेव्हा रॉयल्टी या शब्दाला माझा विरोध नाही. ती नेहमी एकाच दिशेला कशी वाहते, एवढंच विचारायचं आहे. पाणी उताराकडे जातं. हे चढाला जातं.

अलिबागजवळच्या खंडाळे गावात माझी मावशी दिलेली आहे. तिच्याकडे पांढरा कांदा. भात निघालं की त्याच जमिनीत कांदा, आणि फेब्रुवारीपासून ओटीवर बसून बायका कांद्याच्या माळा वळतात. मुंबईची गाडीवाली मंडळी रस्त्यावर थांबून त्या घेतात. या कांद्याला आता भौगोलिक मानांकन आहे, हापूसला २०१८ला मिळालं तसंच. मला त्यात आवडतं ते हे की मानांकनाचा मालक कोणी एक नसतो. त्या मातीत पिकवणारा प्रत्येक जण त्या नावाचा धनी.

पण कागदाच्या आधी मावशीचं काम येतं. चांगले, मध्यम, घट्ट मानेचे कांदे ती निवडते, पुढच्या हंगामात पुन्हा लावते, त्यांना गोंडे येतात, गोंड्यातलं काळं बी झाडून ठेवते. दोन हंगाम एका चिमटीसाठी. आणि कांद्याचं बी लबाड. वर्षभरात त्याची उगवण घसरते, त्यामुळे एक वर्ष आळस केला की घराण्याचं बी बुडालं. शिवाय जवळपास कोणी लाल कांदा फुलवला तर मधमाश्या तो पराग इकडे आणतात. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत मावशी शेजारणीवर पाळत ठेवते. दोघींचं त्यावरून एकदा वाजलंही होतं, एका लग्नात दोन वेगळ्या पंगतींत बसल्या. मी तिला विचारलं, कंपनीने तयार बी आणून दिलं तर? ती म्हणाली, "घीन ना. पन ते माजे कांद्यासारखा गोड झाला नाय तर तुजे मामाला माल विकायला पाठवीन काय?"

आता उधाणाचं. ऑगस्टमधली पौर्णिमा, रात्री एकच्या सुमारास बाहेरकाठ्याला खांड गेली, म्हणजे बांध फुटला. खांड जाणं आमच्याकडे नवं नाही, पण पूर्वी गावकी रातोरात फावडी घेऊन बांधावर असायची. आता निम्म्या जमिनी विकलेल्या. ज्याने घेतल्या तो मुंबईत, त्याला भात पिकवायचं नाही, मग बांधाला चिखल कोण लावणार? पाणी दोन दिवस आत-बाहेर करत होतं. मी रविवारी पोचलो तेव्हा शेत पिवळं पडायला लागलं होतं. पुढच्या रविवारी ते झोपलं होतं. सुकलेल्या पातींवर मिठाची पांढरी रेघ. नऊशे गुणिले दोन, खत, मजुरी. मी मोबाईलवर बेरीज करत उभा होतो.

आमच्या खालच्या अंगाला बांधावरच्या काकीचं खाचर. तिचं घरच बांधाला लागून म्हणून हे नाव. अख्खा गाव तिला येडी समजायचा, कारण ती एकटी अजून राता लावते, तोही दाणा लोंबीतून गळतो म्हणून पिकल्या-पिकल्या धावपळ करत कापते. तिचं भात माझ्याच पाण्यात उभं होतं. कडेचं जळलं होतं, खालच्या पाती करपल्या होत्या, पण मधलं शेत हिरवं होतं. दिवाळीला तिने कापलं. फार नाही झालं. झालं मात्र.

पुढच्या वैशाखात मी तिच्या ओटीवर जाऊन बसलो. बी मागायला जीभ उचलेना. चहा झाला, पोरांची चौकशी झाली, जिताडा कोणाच्या तळ्यात किती किलोचा निघाला हे झालं. शेवटी तीच म्हणाली, "किती गुंठं लावाचं?" पंचवीस, मी म्हटलं. तिने माळ्यावरून मुडी उतरवली, सुंभ सोडलं, पायलीने चार पायल्या मोजल्या. पायली भरून वर शीग ठेवली, ती हाताने पुसली नाही. मी खिशात हात घातला तशी ती चिडली. "दुकान हाय काय? सवाईने दे. चारच्या पाच. आन बी म्हनून दे, खायचं भात नको दिऊ."

मला आजोबांची दिढी आठवली. सवाई काय, दिढी काय, वाढी ती वाढीच. ही एका परीने काकीची रॉयल्टीच झाली. पण खोताच्या दिढीत तुमच्या घरचं बी संपतच राहायचं, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तुम्ही त्याच्याच दारात. काकीच्या सवाईत, मी पाच पायल्या परत केल्या तरी माझ्या माळ्यावर मुडी राहणार होती. पुढच्या साली कोणी माझ्या ओटीवर येऊन जिताड्याच्या गप्पा मारेल अशी सोय होती. त्या चार पायल्यांची बाजारभावाने किंमत तीनशे रुपयेही झाली नसती. १९६६च्या बियाणे कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचे प्रयत्न २००४पासून चाललेत, मसुद्यामागून मसुदे येतात. त्यांतल्या कुठल्या रकान्यात ही सवाई बसते ते मला बघायचं आहे. काकीकडे लेबल नाही, परवाना नाही, उगवणशक्तीचा दाखला नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून तिने मला तिसऱ्या दिवशी मोड दाखवले होते, तेवढंच.

राता लावला. पाऊस बरा झाला, खांड पुन्हा गेली नाही, आणि संकरितच्या मानाने भात कमी झालं ते झालंच. आईने नव्या लोंब्या दारावर बांधल्या. कार्तिकात मी पाच पायल्या मोजून, जरा फुशारकीनेच, काकीकडे घेऊन गेलो.

तिने एक पायली सुपात ओतली. पाखडलं नाही, नुसतं हलवलं, आणि बोटाने एक दाणा बाजूला सारला. मग दुसरा. मग पाच-सहा. काळ्या दाण्यांत ते पिवळे दाणे दिव्यासारखे दिसत होते. माझ्याच शेतात आदल्या सालांचं संकरित भात सांडलेलं, ते रात्याबरोबर उगवून आलं होतं. लोंब्या बाहेर पडल्या की आश्विनात चार-चार दिवसांनी शेतातून फिरायचं आणि वेगळं दिसेल ते रोप मुळापासून उपटायचं, हे बी धरणाऱ्याचं पहिलं काम. मी रविवारी जात होतो. फोटो काढत होतो.

"यो काय बी झाला?" काकी म्हणाली. "निवडून आन."

घरी नेऊन निवडतो म्हटलं, तर नको म्हणाली, इथंच बस, माझ्या डोळ्यासमोर. सूप माझ्या मांडीवर आलं. थोड्या वेळाने आई मला शोधत आली, काय चाललंय ते तिने पाहिलं, काही न बोलता शेजारी बसली आणि दुसरं सूप ओढलं. तिची बोटं माझ्या दुप्पट वेगाने चालत होती. अंधार पडेपर्यंत आमच्या दोन पायल्या झाल्या. वाटीभर पिवळे दाणे निघाले. काकीने ते हातावर घेऊन उजेडात धरले, रंग बघितला, आणि अंगणात कोंबड्यांना टाकले.

"तीन रायल्या," ती म्हणाली. "उद्या सकाली या."